आधी दगड पाडा, मग बोल्ट ठोका

अमरावती-अकोल्याकडच्या ज्या मुलामुलींना कड्यावर चढायचे आहे, त्यांची अडचण खरी आहे. सह्याद्रीचे सुळके रात्रभराच्या रेल्वेप्रवासापलीकडे आहेत. जवळचा कातळ गाविलगड-नरनाळ्याकडे, पण तो मुलूख मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पाचा. वनखात्याच्या परवानगीवाचून तिथे दोर लावता येत नाही, आणि येऊही नये. टोकियोपासून स्पोर्ट क्लाइंबिंग ऑलिंपिकमध्ये आले, तेव्हापासून या खेळाची ओढ आणखी वाढली आहे. मग नजर वळते ती गावाबाहेरच्या बंद पडलेल्या गिट्टीच्या खदानींकडे. अकोल्यात तर शहराच्या एका भागाचे आणि तिथल्या पोलीस ठाण्याचे नावच खदान आहे, इतका हा व्यवसाय इथे मुरलेला. पन्नास-साठ फुटांची उभी काळी भिंत, पायथ्यापर्यंत गाडी जाणारी वाट आणि विचारणारा कोणी नाही. अशा भिंतीकडे बोट दाखवून सांगितले जाते की दगड काळा पाषाण आहे, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे मारू, डोक्यावर हेल्मेट घालू, आणि तीस वर्षे उभी असलेली भिंत आजच काही पडत नाही. या युक्तिवादातले प्रत्येक विधान ऐकायला बरोबर वाटते. प्रत्येक विधान खदानीच्या बाबतीत फसवे आहे, आणि ज्यांच्या जिवावर ते बेतेल ती मुले आपलीच असल्यामुळे ते नीट खोडून काढणे भाग आहे.

पहिला मुद्दा काळ्या पाषाणाचा. वऱ्हाडचा खडक दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, यात शंका नाही. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तो गाळाच्या जाड थराखाली खोल गेला आहे. दक्षिणेला पातूर-बार्शीटाकळीकडे आणि अमरावतीजवळ पोहऱ्याच्या टेकड्यांकडे तो वर येतो, म्हणून गिट्टी तिथून निघते. त्यातल्या घट्ट बेसॉल्टचा तुकडा प्रयोगशाळेत दाबला तर १०० मेगापास्कलच्या वरचा दाब तो सहज सोसतो. पण हे तुकड्याचे बळ झाले, भिंतीचे नव्हे. लाव्हा एकावर एक थर साचत आला. दोन थरांच्या मध्ये कुठे तांबड्या मातीचा मऊ पट्टा आहे, कुठे वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला आणि पांढऱ्या खनिजांनी भरलेला ठिसूळ खडक. घट्ट थर थंड होताना आकसला आणि उभ्या-आडव्या सांध्यांनी फुटला. म्हणजे ज्याला आपण एकसंध भिंत समजतो, ती मुळातच एकमेकांवर रचलेल्या चौकोनी-षटकोनी ठोकळ्यांची आहे, आणि चढणाऱ्याचा भार पेलायचा असतो तो ठोकळ्यांमधल्या सांध्यांनी. सह्याद्रीतल्या चढाया याच खडकावर होतात, हा आक्षेप इथे हमखास येतो. खडक एकच आहे हे खरे, पण सह्याद्रीचा कडा लाखो पावसाळ्यांनी झडून उभा आहे. जे सुटायचे होते त्यातले पुष्कळसे सुटून दरीत गेले आहे. तरीही तिथे दगड येतातच. खदानीच्या भिंतीचे वय मात्र शेवटच्या सुरुंगापासून मोजायचे असते.

सुरुंगाचा उद्देशच इथे विचारात घ्यायला हवा. खदानीत चढाई करणारे जगात आपण पहिले नाही. वेल्समधली डिनॉर्विकची पाटीच्या दगडाची प्रचंड खाण १९६९ मध्ये बंद झाली आणि पुढे ती गिर्यारोहकांचे नामांकित ठिकाण बनली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्टलंडच्या चुनखडीच्या खाणींतही बोल्ट लावलेले मार्ग आहेत. आपल्याकडे या उदाहरणांचा दाखला मोठ्या उत्साहाने दिला जातो. पण पाटीचा दगड किंवा इमारतीचा घडीव दगड काढणाऱ्याला अखंड दगड हवा असतो. तो फुटू नये म्हणून खाणवाला सुरुंग बेताने लावतो, भोके ओळीने पाडून दगड सोडवतो, पाचर मारतो. गिट्टीच्या खदानीत सगळे याच्या उलट चालते. तिथला दगड क्रशरच्या तोंडात जायचा असतो, म्हणून तो जितका फुटेल तितका बरा. दारूचा धक्का पुढचा दगड उडवतो तसा मागच्या भिंतीतही शिरतो, असलेले सांधे उघडतो आणि नव्या भेगा पाडतो. या भेगा भिंतीच्या पोटात काही मीटरपर्यंत जातात. शेवटच्या फेरीनंतर मागे राहिलेली भिंत ही पुढच्या फेरीसाठी अर्धी फोडून ठेवलेली भिंत असते. ती फेरी कधी झाली नाही, इतकेच. आणि डिनॉर्विकसारख्या ठिकाणीही मोठमोठे भाग कोसळतात, चढाईचे मार्गच्या मार्ग नाहीसे होतात. दाखला द्यायचा तर हेही सांगितले पाहिजे.

खाणकामाचे नियम करणाऱ्यांना ही गोष्ट फार पूर्वी कळली होती. १९६१ च्या धातुखाण विनियमांनी उघड्या खाणीची बाजू कशी ठेवावी हे बांधून दिले आहे. माती, मुरूम किंवा भुसभुशीत थर असेल तर उतार ४५ अंशांहून तीव्र नको, नाहीतर पायऱ्या कराव्यात आणि एका पायरीची उंची दीड मीटरच्या आत ठेवावी. कठीण खडकातही पायरीची उंची ६ मीटरच्या वर जाऊ नये. खालून पोखरून वरचा भाग लोंबता ठेवू नये. खाणीच्या काठापासून ३ मीटरच्या आत झाड, सुटा दगड किंवा मलबा राहू देऊ नये. १९५२ च्या खाण कायद्यानेही मुरूम-गिट्टीच्या लहान खाणींना बहुतेक तरतुदींतून सूट दिली होती, पण त्यासाठी खोली ६ मीटरच्या आत हवी होती आणि स्फोटके वापरलेली चालत नव्हती. उंची आणि सुरुंग एकत्र आले की धोका सुरू होतो, असे कायद्याचे मत यातून स्पष्ट दिसते. आता चढाईसाठी कोणती खदान निवडली जाते ते पाहा. उंच भिंत हवी, म्हणजे पायऱ्या न सोडलेली. लोंबता कातळ हवा, कारण त्यावर चढण्यात कस लागतो. काठावर एखादे बाभळीचे किंवा कडुनिंबाचे झाड हवे, दोर बांधायला. खाणीत काम करणाऱ्या मजुराच्या डोक्यावर दगड पडू नये म्हणून जे जे निषिद्ध ठरवले, नेमके तेच चढणाऱ्याला मोहात पाडते.

हे नियम चालू खाणीसाठी आहेत, बंद खाणीत सुरुंगच उडत नाहीत, असे यावर सांगितले जाते. सुरुंग थांबले हे खरे. पण त्याबरोबर भिंतीकडे पाहणारा माणूसही गेला. चालू खाणीत मुकादम रोज भिंत न्याहाळतो, सैल दगड सब्बलीने पाडून टाकल्याखेरीज खाली माणूस उभा करत नाही. निदान तसे करणे त्याचे कर्तव्य असते. बंद खदानीत सैल दगड तसाच राहतो आणि त्याचे सैल होणे मात्र थांबत नाही.

तीस वर्षे उभी असलेली भिंत आज पडणार नाही, हा युक्तिवाद याच ठिकाणी कोसळतो. वऱ्हाडचे हवामान खडकाला स्वस्थ बसू देत नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि काळा दगड हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तोच पारा १० च्या खाली येतो. तापल्यावर फुगणे आणि निवल्यावर आकसणे रोज घडते. अमेरिकेतल्या योसेमिटी खोऱ्यात भूवैज्ञानिकांनी एका कड्यावरच्या सुटलेल्या पापुद्र्यावर मोजणीची यंत्रे लावून हे तपासले आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तो खडक ग्रॅनाइटचा आहे, आपला नाही. पण तिथे दिसलेली गोष्ट कोणत्याही सांधलेल्या खडकाला लागू पडावी अशी आहे: उन्हाने पापुद्रा दिवसा सेंटीमीटरभर बाहेर सरकतो, रात्री परत येतो, आणि काळ जाईल तसा थोडा थोडा बाहेरच राहत जातो. पाऊस नाही, भूकंप नाही, स्वच्छ उन्हाच्या दुपारी कडा का सुटतो, याचे उत्तर त्या मोजणीत मिळाले.

आपल्याकडे उन्हाच्या जोडीला काळी माती आहे. खदानीच्या काठावर शेत असते, आणि कपाशीची ही माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगांनी तडकते. मृगाचा पहिला जोरदार पाऊस या भेगांतून थेट खाली उतरतो. माती फुगते, खडकाच्या सांध्यांत वाहून गेलेला गाळही फुगतो आणि ठोकळ्याला आतून बाहेर ढकलतो. सांध्यात पाणी साचले की त्याचाही दाब येतो. पाऊस ओसरल्यावर माती सुकते, आकसते, आणि ठोकळा पूर्वीच्या जागी येत नाही. काठावरच्या झाडाची मुळे त्याच सांध्यांत शिरलेली असतात. तीस वर्षे म्हणजे असे तीस पावसाळे आणि तीस उन्हाळे. इतक्या वर्षांत भिंत पडली नाही, यातून ती पक्की आहे असे सिद्ध होत नाही. तिच्यावर इतक्या वर्षांचे काम झाले आहे, एवढेच त्यातून कळते.

आता बोल्टकडे येऊ, कारण सगळा विश्वास त्याच्यावर टाकलेला असतो. चढाईच्या चांगल्या बोल्टला भिंतीला समांतर दिशेने २५ किलोन्यूटनचा भार सोसावा लागतो, म्हणजे जवळपास अडीच टन वजन. पडणाऱ्या माणसाचा झटका याच्या निम्म्यानेही नसतो, त्यामुळे आकडा निश्चिंत करणारा वाटतो. पण ही चाचणी काँक्रीटच्या अखंड ठोकळ्यात होते. बोल्टच्या वेष्टनावरचा शिक्का बोल्टची हमी देतो, ज्या दगडात तो बसेल त्या दगडाची देत नाही. एक घनमीटर बेसॉल्ट २.८ ते ३ टनांचा असतो. चहूबाजूंनी सुटलेल्या अशा ठोकळ्यात जगातला उत्तम बोल्ट मारला, तर बोल्ट शाबूत राहील आणि ठोकळ्यासह खाली येईल, दोराला बांधलेल्या माणसासकट. वरच्या टोकाला एकाऐवजी दोन बोल्ट मारायचे, ही सुरक्षिततेची जुनी आणि योग्य शिकवण आहे. पण दोन्ही एकाच सुट्या दगडात बसले तर ते दोन राहत नाहीत. शिवाय साधा पसरणारा बोल्ट भोकाच्या कडांना बाहेर रेटूनच पकड धरतो. पातळ पापुद्र्यात किंवा कडेच्या फार जवळ तो मारला, तर तोच पाचरीचे काम करतो. सच्छिद्र थरात त्याला रेटायला घट्ट काही सापडतच नाही. तिथे राळेत बसवलेला बोल्ट बरा, कारण तो रेटत नाही, हे बरोबर आहे. पण त्यालाही मागे अखंड दगड लागतोच. बसवलेला बोल्ट यंत्राने ओढून पाहिला की झाले, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की त्या चाचणीत काही क्षणांची, एका दिशेची ओढ तपासली जाते. पुढच्या ऑगस्टमधली फुगलेली माती त्या चाचणीत येत नाही.

सह्याद्रीत बोल्टचा प्रश्न मुख्यतः जुन्या लोखंडाचा आणि गंजाचा होता. सेफ क्लाइंबिंग इनिशिएटिव्हच्या कार्यकर्त्यांनी सुळक्यांवरचे जुने बोल्ट काढून नवे बसवण्याचे जे काम केले, ते महाराष्ट्रातल्या गिर्यारोहणावरचे मोठे उपकार आहेत. त्याचे अनुकरण वऱ्हाडात करताना मात्र फरक विसरता कामा नये. इथली हवा कोरडी, खारा वारा नाही, स्टेनलेस बोल्ट दहा वर्षांनीही चकचकीत दिसेल. कोकणकड्यावर गंजलेला बोल्ट पाहून माणूस थबकतो. खदानीत तसे थबकवणारे काही दिसणार नाही, कारण बिघाड बोल्टमागे हातभर आत असेल. याहून गंभीर गोष्ट अशी की बोल्ट हे आमंत्रण असते. बोल्ट नसलेल्या भिंतीवर फार तर चार धाडसी मुले चढतील. ओळीने बोल्ट मारलेल्या भिंतीकडे शाळेची शिबिरे येतील, वाढदिवसाची रॅपलिंग होतील, कारण कोणा जाणत्याने ही भिंत तपासली आहे असाच त्या बोल्टचा अर्थ लोक घेतात. दगड न तपासता बोल्ट मारणारा हा अर्थ खोटा पाडतो, आणि तो खोटा ठरल्याचे पहिल्यांदा कळते ते खाली उभ्या असलेल्या माणसाला.

हेल्मेटबद्दलही असाच गैरसमज आहे. हेल्मेट घालायलाच हवे, त्यावर वाद नाही. पण गिर्यारोहणाच्या हेल्मेटची युरोपीय मानकातली मुख्य चाचणी ५ किलोचा गोलसर ठोकळा २ मीटरवरून टाळूवर सोडून होते. १ किलोचा गोटा १० मीटरवरून पडला की तेवढीच ऊर्जा होते. तोच गोटा २० मीटरच्या खदानीच्या काठावरून आला तर ती दुप्पट होते, आणि डोक्यापर्यंत पोहोचताना त्याचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास असतो. नारळाएवढा बेसॉल्टचा दगड तीन-चार किलोंचा सहज भरतो, आणि खदानीच्या काठावर त्याहून मोठ्यांची रास पडलेली असते. तोही टाळूवरच पडेल असे नाही. खांद्यावर, मानेवर, पाठीवर पडेल. त्यातही सर्वांत असहाय असतो तो चढणारा नव्हे, खाली दोर सांभाळणारा. त्याला हात सोडून पळता येत नाही, कारण वरच्याचा जीव त्याच्या हातात असतो.

मुले कशीही जाणारच, मग निदान बोल्ट तरी चांगले असू देत, असे काही जाणते लोक कळकळीने म्हणतात. या आक्षेपाचा मी सर्वांत जास्त आदर करतो, कारण त्यात मुलांची काळजी आहे. पण बोल्ट माणसाला पडण्यापासून वाचवतो, दगड अंगावर येण्यापासून वाचवत नाही. ज्या धोक्यासाठी खदान कुप्रसिद्ध असायला हवी, त्यावर बोल्ट हा उपायच नाही. उलट जास्त माणसे, जास्त वेळ, त्याच भिंतीखाली उभी राहतील, अशी सोय तो करतो. दुसऱ्या टोकाला सरकारी उत्तर असते: कुंपण घाला, फलक लावा, बंदी करा. खदानीच्या डोहात पोहायला गेलेली मुले दर उन्हाळ्यात महाराष्ट्रात कुठे ना कुठे बुडतात, आणि त्यातल्या किती डोहांना कुंपण होते हे सर्वांना माहीत आहे. नुसत्या फलकाने काही थांबत नाही. २०२१ मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचे धोरण आणले. त्यात आयोजकाची नोंदणी, प्रशिक्षित माणसे आणि साधने यांचा विचार आहे, आणि तो हवाच होता. पण प्रशिक्षक कितीही निष्णात असला तरी सुट्या भिंतीखाली त्याची प्रमाणपत्रे उपयोगी पडत नाहीत.

म्हणून आग्रह क्रमाचा आहे. आधी काठावरची माती, मुरूम आणि गोटे ३ मीटर मागे सारायचे, पाणी भिंतीकडे न येता बाजूने जाईल असा चर खणायचा. मग वरून खाली, दोरावर लटकून, सब्बलीने सैल दगड पाडत यायचे, आणि तेव्हा खाली कोणीही नको. या कामात गिर्यारोहकांनी खदानीत आयुष्य घालवलेल्या वडार-बेलदार कारागिरांना सोबत घेतले पाहिजे, पुरेशी मजुरी देऊन आणि त्यांचा शब्द अंतिम मानून. घण मारल्यावर दगड खणखणतो की बद्द वाजतो, हे त्यांचा कान जितके ओळखतो तितके शहरातला नवा बोल्टवाला ओळखत नाही. त्याच्या जोडीला भूवैज्ञानिकाची पाहणी हवी: सांधे कोणत्या दिशेला झुकले आहेत, तांबडा पट्टा कुठे आहे, कोणता भाग कधीच वापरू नये. अमरावती विद्यापीठात भूविज्ञान शिकवले जाते, राज्याच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाचे मुख्यालय नागपुरात आहे, दोन्ही जिल्ह्यांत खनिकर्म अधिकारी आहेत. माणसे दूर शोधायची नाहीत. एवढे झाल्यावर एक अख्खा पावसाळा आणि एक उन्हाळा भिंत तशीच सोडून द्यायची, काय सुटते ते पाहायचे. बोल्टची भोके त्यानंतर. प्रत्येक बोल्टची तारीख, जात आणि जागा वहीत हवी; जून ते सप्टेंबर चढाई बंद; ऑक्टोबरमध्ये पुन्हा सब्बल आणि घण, मगच दोर.

इतके केल्यास खेळ मरेल, असे म्हणणाऱ्यांनी डर्बीशरमधल्या हॉर्सशू क्वारीचा इतिहास पाहावा. ब्रिटनच्या गिर्यारोहण परिषदेने ती खाण विकत घेतली, म्हणजे भिंतीची जबाबदारी कोणाची हा प्रश्न मोकळा ठेवला नाही. तिथेही दगड सुटतातच, पण सुटल्यावर कोणाला कळवायचे हे ठरलेले आहे. वऱ्हाडातली बंद खदान बहुधा कोणाचीच नसते: पट्टा संपलेला, खाणवाला निघून गेलेला, सातबाऱ्यावर भलतेच नाव. अशा जागी बोल्ट मारणारी संस्था न सांगता जबाबदारी अंगावर घेते आणि अपघातानंतर ती झटकते. ती आधीच, लेखी घेण्याची तयारी नसेल तर ड्रिल घरी ठेवावे.

पैशाचा प्रश्न उरतो, आणि तो सोडवण्यासारखा आहे. खाणकामाने बाधित झालेल्या भागांसाठी २०१५ च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. सोडून दिलेली खदान निर्धोक करणे याहून त्या निधीचा सरळ उपयोग कोणता? दोन जिल्ह्यांत मिळून एक खदान निवडावी आणि तिच्यावर हे काम नीट पूर्ण करावे. तोवर सरावासाठी कृत्रिम भिंत उभारावी. १९१४ पासून व्यायामाची परंपरा चालवणारे आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांचे प्रात्यक्षिक दाखवून आलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ अमरावतीत आहे, अकोल्यात वसंत देसाई क्रीडांगण आहे. प्लायवूड आणि लोखंडाच्या भिंतीत कुठे काय सैल आहे ते पान्याने तपासता येते, आणि बोटांची ताकद, दोराची शिस्त, पडण्याची सवय हे सगळे तिथे शिकता येते. निवडलेल्या खदानीची काठावरची माती मागे ओढण्याचे काम येत्या दिवाळीनंतर, जमीन वाळल्यावर सुरू होऊ शकते. त्याला लागणारी परवानगी जिल्हाधिकाऱ्यांची आहे, आणि त्यासाठीचा अर्ज गिर्यारोहण संस्थांनी आधी करायला हवा, बोल्टच्या देणग्या गोळा करण्याच्याही आधी.